कॉलनीची वेळ

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असतं. ते आपोआप पुढं गेलेलं नाही, आईनं ठेवलंय. दादा, म्हणजे माझे वडील, येलदरीच्या धरणावरच्या वीजघरात ऑपरेटर होते. पाळीवर नेणारी जीप कॉलनीच्या कोपऱ्यावर येऊन एकदा हॉर्न वाजवायची आणि कुणासाठी थांबायची नाही. दादा दात घासता घासता कालचा पेपर पुन्हा वाचणाऱ्यांतले. म्हणून आईनं संसाराच्या सुरुवातीलाच घड्याळ पुढं सारलं. हे दादांना ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होतं, तरी उपाय लागू पडला. आम्ही भावंडं मनातल्या मनात पंधरा वजा करतच मोठी झालो. पाहुणे तेवढे उगाच घाईघाईनं एसटी स्टँडवर जाऊन बसत.

दादा निवृत्त झाले, जिंतूरला घर बांधलं, जीप सुटली, हॉर्न सुटला. घड्याळ पुढंच राहिलं. आईला विचारलं की ती म्हणते, "असू दे की. तुला काय तरास हाय त्याचा?"

या घरात दुसरं एक घड्याळ आलं ते माझ्यामुळं. मी परभणीला एका शाळेत भूगोल शिकवते. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्लीही माझ्याच गळ्यात आहे. वीजघरातल्या माणसाची मुलगी, म्हणजे हिला बटनांतलं कळत असणार, असा कुणीतरी हिशेब केला आणि तो आजवर कुणी बदलला नाही. वर्षानुवर्षं शिव्या घालत शिकले ते शिकले. मी घरी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना दादांना नेऊन दिला. मला वाटलं होतं, चार दिवस पत्ते खेळतील आणि त्यावर कापड टाकून ठेवतील. पण त्या जुन्या डब्याचं त्यांच्या आयुष्यात भलतंच काम निघालं.

वीजघरात दादांच्या पाळीला एक सोबती होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. चारला पाळी सुटली की दोघं कॉलनीतल्या आमच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडत. चहा थंड व्हायचा, आई ओरडायची, डाव चालूच. आम्ही बौद्ध, काका मराठा शेतकऱ्याच्या घरातले. आल्यावर काका म्हणायचे, "जय भीम." दादा म्हणायचे, "राम राम." प्रत्येकानं दुसऱ्याचा नमस्कार घ्यायचा हे त्यांचं कधी ठरलं ते कुणालाच माहीत नाही. लहानपणी मला ते नियमच वाटायचे, प्यादं एक घर चालतं तसे.

निवृत्तीनंतर काका-काकू मुलाकडं चंद्रपूरला गेले. फोनवर डाव चालायचा. "घोडा वजिराच्या पुढं" असं ओरडून सांगायचं, दोन्हीकडं पट मांडलेला. मग काकांना अर्धांगवायू झाला. हातपाय बरेचसे सुधारले, वाचा मात्र परत आली नाही. बोलता येईना म्हणजे फोनवरचा डाव संपला. दादा त्या दिवसांत फार चिडचिडे झाले होते, भाजीत मीठ बरोबर असलं तरी चिडायचे.

तोड काढली काकांच्या सुनेनं. ती तिकडं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल एका डब्याला टेकवून उभा करते, काका आणि पट दोन्ही दिसतील असा. काका बोटानं दाखवतात, हे प्यादं उचलून तिथं. इकडं दादांना ते बोट दिसायला हवं. दादांच्या डोळ्यांत काचबिंदू, मोबाईलच्या पडद्यावर त्यांना सगळी प्यादी मुंग्यांसारखी दिसतात. कॉम्प्युटरचा पडदा मोठा, त्याच्यावर बोट स्पष्ट दिसतं. त्यामुळं दर रविवारी चार वाजता दादा केस विंचरून त्या डब्यापुढं बसायला लागले. पाळी सुटायची तीच वेळ त्यांनी धरली. पडदा उजळला की दादा आधी "राम राम" म्हणत, आणि मग काकांच्या वतीनं स्वतःच "जय भीम" म्हणून टाकत. काका मान हलवून त्याला मंजुरी देत.

ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. "तुह्या बापाचा डबा बिघडलाय. तीन रविवार झाले, डाव न्हाई."

"नेटवाल्याला बोलवायचं ना."

"आलता की. तो म्हणला लाईन चांगली हाय. ह्यायला वाटायलंय, तिकूनच बंद केलंय. म्हणतेत, त्यालाच कंटाळा आला असंल माहा." मग आईनं आवाज उतरवला. "तिकडची सून फोन करायली मला. रविवारी चारला पट मांडून बसतेत म्हणं ते. पाचपर्यंत बसतेत. मग जेवत न्हाईत."

मी विचारलं, दादांना हे सांगितलंस का. ती म्हणाली, सांगितलं, तर उठून अंगणात गेले आणि बराच वेळ झाडाला पाणी घालत बसले, तेही पावसात.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी जिंतूरची एसटी धरली. वाटेत सोयाबीन हिरवंगार उभं होतं. मी मात्र मनातल्या मनात त्या नेटवाल्याशी भांडत होते.

घरी गेले तर खोलीतल्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी स्टुलावर पट. पटावर अर्धवट डाव तसाच मांडलेला, त्यावर आईची जाळीदार ओढणी झाकलेली. तीन आठवडे कुणाला त्या स्टुलाला धक्का लागू दिला नव्हता. आईनं तिथली फरशी पुसायचंही सोडलं होतं.

"डाव कुणाच्या बाजूनं आहे?" मी विचारलं.

"माह्या," दादा म्हणाले. "म्हणून तर तो पळाला." पण हसले नाहीत.

मी मशीन सुरू केलं. ते इतकं हळू उठत होतं की मध्ये चहा झाला, चहाची भांडी घासून झाली, तरी निळा पडदा तसाच. शेवटी मी ते बंद केलं, डब्याचं झाकण उघडलं आणि आत बघून दादांकडं बघितलं. पंख्यात धुळीची गादी बसली होती, कोपऱ्यात पालीची दोन पांढरी अंडी.

"दादा, हे काय कोंबड्यांचं खुराडं आहे?"

"तूच दिलंस आणून," दादा म्हणाले आणि सायकलचा पंप घेऊन आले. त्यांनी पंप मारला, मी तोंडाला पदर लावून धूळ झेलली, आई दारातून दोघांनाही बोलत राहिली. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात मी खोडरबरानं घासले. हा उपाय मी शाळेत शिकले, आणि तो कसा लागू पडतो हे मला अजूनही नीट माहीत नाही. मग मशीन पुन्हा लावून, सुरू होतानाच धावत येणारी फुकटी सॉफ्टवेअरं सगळी बंद केली. कुठून कुठून आलेली, कुणी बोलावली नव्हती. आता चहाचं पाणी उकळायच्या आत पडदा उजळला.

"आता लाव त्याला," दादा म्हणाले.

व्हिडिओ कॉलची साइट लावायला गेले तर लाल इशारा आला. तुमचं घड्याळ मागं आहे. कोपऱ्यात बघितलं तर दादांचा कॉम्प्युटर कितीतरी वर्षं मागच्या एका एक जानेवारीत बसला होता. मला हसू आलं आणि जीवही भांड्यात पडला. आजार सापडला म्हणजे निम्मं काम झालं.

दादांना समजावून सांगितलं. प्रत्येक साइट आपलं ओळखपत्र दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. आपलं मशीन बसलंय जुन्या साली. त्याला वाटतं, हे ओळखपत्र तर अजून बनायचंय, म्हणजे खोटं. म्हणून ते दार उघडत नाही.

"म्हंजे त्यानं न्हाई बंद केलं," दादा म्हणाले.

"काकांनी नाही. तुमच्याच डब्यानं त्यांना दाराबाहेर उभं केलंय."

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली, आणि तीन आठवडे मनात काय काय घेऊन बसले असतील या विचारानं रागही आला. मी तारीख वेळ बरोबर करून दिली. साइट उघडली. उद्या चार वाजता, ठरलं.

रविवारी सकाळी मी मशीन लावलं आणि ते पुन्हा त्याच एक जानेवारीत.

याचं कारण दादांमध्येच होतं. दादांना चालू राहिलेलं बटन सहन होत नाही. सगळा जन्म त्यांनी धरणाच्या पाण्यावर वीज होताना बघितली, उन्हाळ्यात पाणी उतरत उतरत भिंतीचे दगड उघडे पडलेले बघितले. "बटन चालू म्हंजे पाणी चालू," हे वाक्य ऐकत आम्ही मोठे झालो. मोबाईल चार्ज झाला की ते चार्जर काढून बटन बंद करतात, टीव्ही रिमोटनं बंद केला तर त्याला बंद मानतच नाहीत. कॉम्प्युटरही ते बोर्डावरूनच बंद करत. आणि कॉम्प्युटरच्या पोटात सदऱ्याच्या गुंडीएवढा एक चपटा सेल असतो. बाहेरची वीज गेली की घड्याळ सांभाळायचं काम त्याच्या एकट्यावर येतं. दादांच्या घरात ते काम त्याच्यावर सहा दिवस आणि रविवारचे उरलेले तास. बिचारा मरून गेला होता.

"सेल आणते," मी म्हटलं. "तोवर बोर्डाचं बटन चालू राहू द्या."

"रिकामं कशाला चालू ठेवायचं?"

"घड्याळासाठी."

"येका घड्याळासाठी धरणातून पाणी सोडायचं का?" असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत बटन बंद केलं.

मी छत्री घेऊन बाजारात गेले. घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला. येताना गरम भजी घेतली, कारण डोकं तापलं होतं. जेवण झाल्यावर सेल बसवला. जुना काढताना तो उडून पलंगाखाली गेला, तो दादांनी वाकून शोधला आणि खिशात ठेवला. का ते विचारलं नाही. मग मशीन सुरू केलं, तर त्या सुरुवातीच्या काळ्या पडद्यानं तारीख विचारली.

"सरक," दादा म्हणाले. "तारीख वेळ टाकायचं काम मला सांगू नको. जिंदगीभर वीजघराच्या वहीत दर तासाला तेच केलंय."

हे खरंच होतं. मी खुर्ची दिली आणि आईबरोबर ओले कपडे आत घ्यायला गेले, कारण आभाळ पुन्हा भरून आलं होतं. परत आले तेव्हा मशीन उठलं होतं. कोपऱ्यातल्या तारखेवर मी नजर टाकली. अकरा होते, आठ होता, साल बरोबर. ऑगस्टची अकरा तारीख. दादांनी पटावरची ओढणी काढून घडी घातली होती, केसही विंचरले होते.

साइट उघडली नाही. पुन्हा लाल इशारा.

"सेल खराब दिलाय," दादा म्हणाले.

"आत्ताच तर बसवलाय."

"मंग डबाच गेला. जाऊ दे."

मी नेटची तार काढली, लावली. बंद केलं, चालू केलं. माझ्या मोबाईलवर लावून देते म्हटलं, तर दादा म्हणाले, अगदी सुरुवातीला एकदा शेजारच्यांच्या मोबाईलवर लावलं होतं, बोट दिसेना, त्यांनी उंटाऐवजी घोडा हलवला. काका तिकडून नुसतेच हात हलवत राहिले, काय म्हणतायत कळेना, शेवटी रडायला लागले. हे आईनंही मला सांगितलं नव्हतं. दादांनी ते पटाकडं बघत सांगितलं.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर गेला, चार वाजले, पुढं सरकला. दादा त्याच्याकडं सारखे बघत होते. मी लाल इशारा पुन्हा वाचला, या वेळी एकेक शब्द. कालपर्यंत लिहिलेलं असायचं, घड्याळ मागं आहे. आज लिहिलं होतं, घड्याळ पुढं आहे.

मी कोपऱ्यातली तारीख नीट बघितली. आठ होता, अकरा होते, पण आठ आधी आणि अकरा नंतर. त्या काळ्या पडद्याला आधी महिना लागतो, मग दिवस. दादांनी आपल्या सवयीनं आधी अकरा टाकले आणि मग आठ. मशीननं मुकाट्यानं मानलं की आज नोव्हेंबरची आठ तारीख आहे. दिवाळीच उरकून टाकली त्यानं. आणि मी आकडे बघून खूश.

"दादा, तुम्ही आपल्याला नोव्हेंबरात नेलंत."

मी तारीख वेळ दुरुस्त करायला घेतली. पण दादांचं लक्ष नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. "ऱ्हाऊ दे बाई आता," ते म्हणाले. "सव्वाचार झाले. चौथ्या रविवारी पण कोण बसंल पाचपर्यंत? उठला असंल तो." आणि त्यांनी पटावरचा स्वतःचा राजा उचलून लाकडी डबीत ठेवला. मग वजीर उचलला.

तीन आठवडे ज्या डावाला कुणाला हात लावू दिला नाही तो दादा स्वतः मोडत होते.

आई चहा घेऊन दारात आली. तिनं दादांच्या हातातला वजीर बघितला, भिंतीकडं बघितलं. "अहो," ती म्हणाली, "ते माहं घड्याळ हाय."

दादा तिच्याकडं बघत राहिले. साऱ्या नोकरीत ज्या माणसानं त्या घड्याळावर एकदाही विश्वास ठेवला नाही, त्यानं तो आज ठेवला होता, आणि पंधरा वजा करायचं मीही विसरले होते. मी कोपऱ्यात बघितलं. दुरुस्त झालेल्या घड्याळात बरोबर चार वाजले होते.

"राजा कुठं होता?" मी विचारलं.

"ठाव हाय मला," म्हणत दादांनी राजा आणि वजीर पुन्हा आपापल्या घरात ठेवले. एकही घर चुकलं नाही.

साइट उघडली. तिकडं रिंग गेली आणि लगेच पडदा उजळला. काका समोर बसले होते, नवा सदरा घातलेला, पुढ्यात पट. तिकडचाही डाव तसाच मांडलेला होता. कोणी कोणाकडं बघून आधी हसलं ते मला सांगता येणार नाही. काकांनी बोट उचललं, पण पटावर ठेवलं नाही. ते मागं भिंतीकडं दाखवलं. त्यांच्या डोक्यावर एक घड्याळ होतं आणि त्यात सव्वाचार वाजले होते.

"काकू पण घड्याळ पुढंच ठेवतात?" मी आईला विचारलं.

"मग? जीप येकच होती की," आई म्हणाली. "कॉलनीत समद्यायचीच पुढं असायची."

दादा खुर्चीत सरसावून बसले. "राम राम," ते म्हणाले. मग घसा खाकरून, काकांच्या वतीनं, "जय भीम." काकांनी मान हलवली. आणि मान हलवता हलवता एक बोट नाचवून दादांना दटावलं, उशीर केल्याबद्दल. दादा म्हणाले, "मी न्हाई रे. ह्या डब्यानं केला. तुला वाटलं असंल मी पळालो." काकांनी जोरात हो म्हणून मान हलवली. दादांना हसू आवरेना. मग ते बोट पटावर उतरलं, घोड्यावर थांबलं, आणि दादांचा हत्ती गेला.

त्या दिवशी दादा हरले. इतकं खुशीत हरलेलं मी कुणाला बघितलं नाही. रात्री जेवताना त्यांनी तीन वेळा सांगितलं की हत्ती आपल्याला दिसत होता, पण मुद्दाम दिला. आईनं विचारलं, दुसरा पण मुद्दाम दिला का. मग दादांनी भाकरीकडं लक्ष दिलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेले तेव्हा रविवार नव्हता. कॉम्प्युटर बंद होता, त्यावर कापड होतं. घड्याळ बघायला म्हणून मी लावला, तारीख वेळ बरोबर होती. त्या घरातलं बरोबर चालणारं तेवढं एकच घड्याळ. बंद करून बोर्डाकडं हात नेला तर दादा खुर्चीतून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे."

बोर्डावरचा लाल दिवा दिवसाढवळ्या चालू होता. मी म्हटलं, "दादा, नवा सेल आहे आता. वर्षानुवर्षं चालेल. बटन बंद केलं तरी चालतं."

"आन् न्हाई चालला तर? त्यानं पुन्हा पट मांडून बसायचं का पाचपर्यंत?"

"मग रिकामं चालू ठेवायचं?"

दादांनी पेपरचं पान उलटलं. "चालू दे," ते म्हणाले. "येवढं पाणी हाय धरणात."